खोली नंबर सतरा

शकू, काल तुझं पुण्यानुमोदन झालं. तुझ्याच गच्चीवर. पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या, भंतेजींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, आणि तू पेटी घेऊन बसायचीस त्या कोपऱ्यात, पेटीच्या शेजारी, तुझा फोटो ठेवला होता. मलिहाबादच्या बागेतला. डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं, कारण तू गात होतीस. अशा वेळी असला फोटो कुणी लावत नाही. पण मधुकरभाऊजी म्हणाले, "काय करू वहिनी, बाकीच्या सगळ्या फोटोंत ती कुणाच्या ना कुणाच्या मागे उभी आहे."

मंडळाचे फोटो निघताना माणसांना ओळीत कोण उभं करायचं? मीच ना.

आज घरी कुणी नाही. आमचे हे अमौसीच्या विमानतळावर ड्यूटीला गेलेत. मी व्हरांड्यात उन्हाला बसले आहे, मांडीवर मंडळाचं हजेरीपत्रक आहे. गेल्या बारा दिवसांत ज्याने त्याने येऊन माझं सांत्वन केलं. तुमची तर जिवाभावाची मैत्रीण गेली, म्हणाले. मी मान डोलावली, चहा घेतला, रडलेही. खोटं नाही रडले. पण दर वेळी वाटत राहिलं की आपल्या हक्काचं नसलेलं काहीतरी आपण घेतो आहोत. सगळ्यांशी तुझ्याबद्दल बोलून झालं, आता तुझ्याशी बोलते.

नागपूरच्या त्या हॉस्टेलात आपली गाठ सतरा नंबरच्या खोलीत पडली. दोन पलंग, एक खिडकी, एक टेबल आणि त्या टेबलावरून रोजचं भांडण. तू वर्ध्याकडच्या खेड्यातली, मी अकोल्याच्या वकिलाची मुलगी. तू बादली घेऊन आंघोळीला जाताना ओव्या म्हणायचीस, तुझ्या आईच्या जात्यावरच्या, आणि त्यात मेसमधली पातळ आमटी, रेक्टरबाईंची छत्री आणि माझं घोरणं असं काहीही बसवून टाकायचीस. पहिल्या महिन्यात माझी आई पुरणपोळ्यांचा डबा घेऊन भेटायला आली. तुझ्याकडे पाहून हसली, गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. तू सांगितलंस. आईने डब्याचं झाकण पुन्हा घट्ट लावलं आणि मला म्हणाली, "नलू, डबा तू एकटीच संपव हं, फार नाहीत." डब्यात बारा पोळ्या होत्या. मी त्या मेसच्या मागच्या पायरीवर बसून खाल्ल्या, दोन दिवस पुरवून. तिसऱ्या दिवशी केस विंचरता विंचरता म्हणालीस, "तुही आई पुरण चांगलं करते वं. वासावरनंच समजते."

त्या वेळी मी अठरा वर्षांची होते. तेव्हा गप्प बसले त्याला वयाची सबब आहे. पुढच्याला नाही.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तुझे वडील अंथरुणाला खिळले. डोळे मिटायच्या आत मुलीचं लग्न पाहायचं म्हणाले. परीक्षेला चार महिने उरले असताना तू ट्रंक भरलीस. जाताना राज्यशास्त्राच्या वह्या माझ्या टेबलावर ठेवल्यास, वर खडूचा डबा ठेवलास, वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून. त्या वह्या वाचून मी पास झाले, शकू. त्यांच्या जिवावर पुढे बी.एड. केलं, लग्न होऊन लखनौला आले आणि इंटर कॉलेजात मुलींना नागरिकशास्त्र शिकवायला लागले. घटना, मूलभूत हक्क, समान संधी. वीस वर्षं होत आली आता.

आपण पुन्हा भेटलो ते इथेच लखनौत, जानकीपुरमच्या भाजीवाल्यापाशी. मी मटार निवडत होते आणि पाठीमागून आवाज आला, "भैया, ये मेथी है का गवत है? जरा नीट देख के तो दो ना." मी मागे वळायच्या आधीच मला कळलं. तू माझ्याकडे पाहिलंस, हातातली मेथी ठेल्यावर टाकलीस आणि म्हणालीस, "नले, घोरतेस का अजून?" भाजीवाला आपल्या दोघींना रडताना पाहून घाबरला आणि त्याने मेथीची आणखी एक जुडी न मागता पिशवीत घातली. मधुकरभाऊजी टेलिफोन खात्यात, त्यांची इथे बदली झाली होती. तू आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायला आली होतीस आणि तुला येऊन आठ महिने झाले होते. आठ महिने आपण एकाच ठेल्यावरून भाजी घेत होतो.

मंडळाची कल्पना माझी, असं सगळे समजतात. पहिल्या बैठकीचं निमंत्रण माझ्या अक्षरात होतं एवढंच. आपल्या विद्यापीठात शिकून लखनौत येऊन पडलेली माणसं हुडकून काढली तू. टेलिफोनवर, बसमध्ये, औषधाच्या दुकानात, कुणी "अगं बाई" म्हणालं की तू मागे वळायचीस. त्या पहिल्या संध्याकाळी तुझ्या गच्चीवर अकरा जण जमले. वायुसेनेतले दोघे, रेल्वेतले, प्रयोगशाळेतले, आणि निवृत्त झालेले कर्नलसाहेब, ज्यांनी फौजेत जायच्या आधी आपल्याच विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली होती. सगळे नवखे, अवघडून बसलेले. एकमेकांची खाती आणि हुद्दे विचारत होते. तेव्हा तू पदर डोक्यावरून घेतलास, बगलेत छत्री धरलीस आणि रेक्टरबाईंच्या आवाजात ओरडलीस, "हजेरी. कोण कोण भिंतीवरून उड्या मारून गेलंय ते बघू."

एकेकाला उभं केलंस. "खोली नऊ?" "हजर." "खोली बत्तीस?" "हजर, बाई." कर्नलसाहेब म्हणाले, मी हॉस्टेलात नव्हतो, काकांकडे राहायचो. तू म्हणालीस, "मग काका हजर आहेत का?" त्या दिवशी कर्नलसाहेब हसताना मी पहिल्यांदा पाहिले. शेवटी तू म्हणालीस, "खोली सतरा?" आणि आपण दोघी एकदम म्हणालो, "हजर."

मंडळाची हजेरीची पद्धत ही अशी सुरू झाली. पुढे ती माझ्याकडे आली, कारण माझ्याकडे कॉलेजचं कोरं हजेरीपत्रक होतं आणि मला हजेरी घ्यायची सवय होती.

सामुदायिक केंद्राचा हॉल मिळवायचा तर मंडळाची रीतसर नोंद हवी, नियमावली हवी, असं तिथल्या बाबूने सांगितलं. नियमावली लिहायचं काम आपोआप नागरिकशास्त्राच्या बाईंकडे आलं. इतर मंडळांच्या दोन नियमावल्या समोर ठेवून मी लिहीत गेले. तिसरं कलम होतं, सदस्यत्व. "विद्यापीठाची पदवी प्राप्त केलेली कोणतीही व्यक्ती."

लोकांना मी सांगत आले की ते मी नुसतं उतरवून काढलं, लक्षातच आलं नाही. तुलाही हेच सांगितलं होतं. शकू, ते खोटं आहे. "पदवी" लिहिलं आणि माझं पेन थांबलं होतं. तू डोळ्यांसमोर आलीस. "शिक्षण घेतलेली" असं लिहिलं असतं तरी चाललं असतं, बाबूला काय फरक पडणार होता. पण कर्नलसाहेब काय म्हणतील, प्रयोगशाळेतले डॉक्टरेटवाले काय म्हणतील, मंडळ कसं दिसेल, हे मनात आलं. आणि आपल्या दोघींपैकी पदवी माझ्याकडे आहे, हेही मनात आलं. मेसच्या पायरीवर बसून एकटीने खाताना जसं वाटलं होतं, अगदी तसंच वाटलं. तरी मी पूर्णविराम दिला आणि चौथं कलम लिहायला घेतलं.

नियमावली वाचून दाखवली तेव्हा तू खालच्या स्वयंपाकघरात आमच्यासाठी भजी तळत होतीस. ताट घेऊन वर आलीस ती नेमकी त्या कलमावर. ताट ठेवलंस, पदराला हात पुसलेस आणि म्हणालीस, "बराबर आहे. डिगरीवाल्यांचं मंडळ आहे." मग विचारलंस चटणी कुणाला हवी. सगळ्यांनी चटणी मागितली, मीही.

त्या दिवसापासून हजेरी पदवीच्या वर्षाप्रमाणे व्हायला लागली. मी सगळ्यांत उशिरा पास झालेली, म्हणून माझं नाव शेवटी. मी स्वतःच पुकारायची आणि स्वतःच उत्तर द्यायची, "खोली सतरा, नलिनी, हजर." आणि मी हजर म्हणाले रे म्हणाले की कोपऱ्यातून तू पेटीचा एक सूर वाजवायचीस. एकच पट्टी, जरा लांबवून. सगळ्यांना वाटायचं, आता कार्यक्रम सुरू होतोय. मलाही तेच वाटायचं. एकदा मी वैतागून म्हणाले होते, "शकू, मला वही तरी मिटू देत जा, मग वाजव." तू म्हणालीस, "वही मिटल्यावर काय उपेग?" मी म्हटलं, हिचं आपलं काहीतरी असतं.

पुढची पाच वर्षं मंडळाने जे जे केलं ते तू केलंस. कॉलनीतल्या पोरांना गोळा करून मराठी गाणी शिकवलीस. आपली मुलं कसली, मराठी सगळं समजतात आणि उत्तर हिंदीत देतात. तुझी प्रज्ञासुद्धा. तू म्हणायचीस, "प्रज्ञा, जेवलीस का?" आणि ती म्हणायची, "हाँ मम्मी, कब का." तू कधी रागावली नाहीस. म्हणायचीस, कान मराठी आहे ना, बस झालं, तोंडाचं पुढे पाहू. शेजारच्या जरीना आपाला तू नाटकाच्या ओढण्यांवर लखनवी चिकनच्या भरतकामाची बुट्टी काढायला बसवलंस आणि तालमीला दाद द्यायलाही. पहिल्या वर्षी हॉलमध्ये आपण आपल्यालाच टाळ्या वाजवत होतो. तिसऱ्या वर्षी अर्धी कॉलनी यायला लागली आणि मागच्या लोकांना उभं राहावं लागलं.

मलिहाबादची सहल तुला आठवते का? जूनमधली, दशेरी खायला गेलो होतो ती. बाकी सगळे बादलीत आंबे घालून बसले आणि तू गायब. शोधत गेले तर बागेच्या टोकाला राखणदाराच्या झोपडीपुढे तू मांडी घालून बसलेली. समोर त्याची बायको रामदेई, मध्ये जातं, आणि खुंट्यावर दोघींचे हात. ती दळताना तिचं गाणं म्हणत होती. ते लोक जात्याला जाँता म्हणतात, आणि तिथेही दळताना बायका गातात, माहेराबद्दल, सासूबद्दल, परदेशी गेलेल्या नवऱ्याबद्दल. तिचं एक कडवं झालं की तुझी एक ओवी. तिला मराठी येत नव्हतं, तुला अवधी येत नव्हती, आणि दोघी एकमेकींना हसत होतात. मी तो फोटो काढला. माझ्या हातून निघालेला तुझा तेवढा एकच फोटो, ज्यात तू पुढे आहेस, कारण तिथे लावायला ओळच नव्हती.

परतताना बसमध्ये तू सांगितलंस, "यंदा हेच करायचं. सहा बाया आपल्या, सहा इथल्या. दोन जाती, मंचावर. मधात काही बोलायचं नाही, नुसतं दळायचं अन् गायचं." कर्नलसाहेबांनी कुरकुर केली, आपलं मंडळ मराठी कलेसाठी आहे म्हणाले. तू म्हणालीस, "साहेब, जातं कुठलं आहे ते पिठाले विचारा."

त्या वर्षी तू स्वतःची म्हणून जी ओवी घातलीस, ती अजून गल्लीतल्या बायकांच्या तोंडी आहे. काल खाली भांडी घासताना जरीना आपा गुणगुणत होती, शब्द मोडकेतोडके.

खुंट्यावर हात दोन, एक तुझा, एक माझा
एक सुटता गं बाई, जात्याचा होई बोजा

त्याच कार्यक्रमाच्या पत्रिकेवरून आपलं भांडण झालं. भांडण तरी कसलं, तू चार वाक्यं बोललीस आणि मी शंभर. याच व्हरांड्यात, असंच ऊन होतं, मधे मटारची परात. मी पत्रिकेचा मजकूर तुला दाखवला. वर सदस्यांची नावं, खाली "सहकार्य" म्हणून तंबूवाला, ध्वनिक्षेपकवाला आणि तू. तू बराच वेळ पाहिलंस. मग म्हणालीस, "मले मोठेपणा नको, नले. पण एक सांग. सतरा नंबरच्या खोलीत पलंग दोन होते ना वं?"

मी म्हणाले, नियम आहे. मी म्हणाले, आज तुझ्यासाठी बदलला तर उद्या...

"उद्या काय? उद्या रामदेई येईल? येऊ दे."

मी म्हणाले, तुला कळत नाही, संस्था अशी चालत नाही. तुला. ज्या मुलीच्या वह्या वाचून मला संस्था म्हणजे काय ते कळलं, तिला. तू मटार सोलत राहिलीस. जाताना मी म्हणाले, पुढच्या वार्षिक सभेत ठराव मांडते. तू म्हणालीस, "मांड." त्या वर्षी कर्नलसाहेबांच्या पत्नीचं ऑपरेशन होतं, विषय राहिला. दुसऱ्या वर्षी सभा लांबली. तिसऱ्या वर्षी मी ठराव लिहून नेला, घडी घालून हजेरीपत्रकात ठेवला आणि उठण्याआधी तुझ्याकडे पाहिलं. तू मानेनेच राहू दे म्हणालीस. मला सुटल्यासारखं झालं. तू राहू दे म्हणालीस ते मला कष्ट पडू नयेत म्हणून, हे मला तेव्हाही समजलं होतं. तो कागद अजून इथेच आहे, घडीवर पिवळा पडलाय.

शेवटचं भेटलो ते शनिवारी. तू कुंडीतली अंबाडी घेऊन आलीस, उभ्या उभ्याच. महिन्याभरावर वार्षिक कार्यक्रम होता. माईकबद्दल बोललीस, दोन बायका माहेरी गेल्यात म्हणालीस. फाटकाची कडी लावता लावता वळलीस आणि म्हणालीस, "नले, यंदा हजेरी मी घेतो. पहिल्या वेळेसारखी. छत्री घेऊन." इतकी वर्षं लखनौत राहून तुझं ते वर्ध्याकडचं मी घेतो, मी येतो सुटलं नव्हतं. मी हसले आणि म्हणाले, "बघू."

मंगळवारी सकाळी भाऊजींचा डबा भरता भरता तू ओट्यापाशी खाली बसलीस आणि पुन्हा उठली नाहीस. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला, कुणाच्या हातात काही नव्हतं. माझ्या हातात एक शब्द होता, शकू. "हो" म्हणायला "बघू"पेक्षा वेळ कमीच लागतो.

काल गच्चीवर मंडळाचे चौदा जण होतो, पांढऱ्या कपड्यांत, एका बाजूला, नेहमीसारखे ओळीत. आणि बाकीची गच्ची, जिना, खालचं अंगण, गल्ली, सगळं तुझ्या माणसांनी भरलं होतं. भाजीवाला आला होता. तालमीतली सगळी पोरं. जरीना आपाने बारा दिवस तुझी चूल सांभाळली, हे तुला कुणी सांगितलं नसेल. आणि मलिहाबादहून रामदेई आली, नवऱ्याबरोबर, दोन गाड्या बदलून. पदरात गव्हाचं पीठ बांधून आणलं होतं, घरी दळलेलं. कुणाला द्यायचं ते तिला कळेना. मी विचारलं, तुम्हाला कुणी कळवलं? ती प्रज्ञाकडे बघून म्हणाली, "बिटिया चिट्ठी लिखिस रही." मग तुझ्या फोटोकडे बोट दाखवून शेजारणीला सांगायला लागली, "ई हमरे साथ जाँता पीसे रहीं."

भंतेजींचं झाल्यावर भाऊजींनी मला खूण केली, मंडळातर्फे दोन शब्द बोला. मी उभी राहिले. वीस वर्षं वर्गापुढे उभी राहणारी बाई मी, बोलायचं सोडून रुमाल शोधायला लागले. पिशवीत हात घातला तर हाताला हजेरीपत्रक लागलं, कारण त्या गच्चीवर मी ते घेतल्याशिवाय कधी गेलेच नव्हते. काय करते आहे हे कळायच्या आत मी ते उघडलं आणि वाचायला लागले. कर्नलसाहेब दचकले, पण म्हणाले, "हजर." मग पुढचे. खोली नऊ. खोली बत्तीस. मी तशीच खालपर्यंत गेले. आणि शकू, कालसुद्धा मी तुझं नाव घेतलं नाही. यादीत जे होतं तेवढंच वाचलं. शेवटी म्हणाले, "खोली सतरा, नलिनी, हजर."

आणि पेटीचा सूर वाजला.

तीच पट्टी, तशीच लांबवलेली. प्रज्ञा तुझ्या फोटोशेजारी बसून एका हाताने भाता ओढत होती आणि तिचं एक बोट पट्टीवर होतं. तिने सूर पुरता संपू दिला आणि मग हात मांडीवर घेतले.

नंतर कर्नलसाहेब माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे लाल झाले होते. म्हणाले, "नलिनीताई, आपण यांना मरणोत्तर मानद सदस्यत्व देऊ. एकमताने होईल." भला माणूस आहे. पण तो मरणोत्तर शब्द ऐकून मला तिथे उभं राहवेना. मी जिना उतरून तुझ्या स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. प्रज्ञा मागोमाग आली. मी तिला जवळ घेतलं, म्हटलं, बरं केलंस बेटा, मम्मी असाच कार्यक्रम सुरू करायची.

तिने माझ्या कुशीतून मान वर केली. मग म्हणाली, "मौसी, वो प्रोग्राम शुरू करने के लिए थोड़ी था. वो तो मम्मी की हाजिरी थी. आप सत्रह नंबर बोलती थीं, तो मम्मी भी बोलती थीं. आपको नहीं पता था?"

नाही बेटा, मला माहीत नव्हतं. मी एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "मम्मी तो कहती थीं, नलू मौसी को पता है."

तू असं सांगितलं होतंस, शकू? मुलीपुढे माझी लाज राखलीस, की तुला खरंच तसं वाटत होतं? बैठकीमागून बैठक तू मला उत्तर देत होतीस आणि मला कळतंय अशा समजुतीत होतीस? मी तुला वही मिटू दे म्हणाले, तेव्हा तुला काय वाटलं असेल? कालपासून हे विचारते आहे. यातलं एक उत्तर दुसऱ्यापेक्षा बरं आहे असंही नाही.

सकाळी हजेरीपत्रक उघडलं. माझ्या नावाखाली जी मोकळी ओळ होती, तिच्यात तुझं नाव लिहिलं. खोली सतरा, शकुंतला. ठराव केला नाही, कुणाला विचारलं नाही. मग पहिल्या पानापासून सुरू केलं आणि प्रत्येक बैठकीच्या रकान्यात तुझी हजेरी लावली. मागच्या तारखांची हजेरी लावू नये, हे मी दर वर्षी नव्या शिक्षिकांना बजावून सांगते. पण मी होते त्या दर बैठकीला तो सूर मी स्वतःच्या कानांनी ऐकलेला आहे, त्यामुळे यात खोटं काही नाही. माझ्या स्वतःच्या ओळीत गैरहजेरीचे नऊ शेरे आहेत. कधी परीक्षा, कधी पाहुणे. त्या दिवशी हजेरी कुणी घेतली ते अक्षरावरून कळतं, आणि तुझा सूर त्या दिवशीही वाजला होता का, ते मी कर्नलसाहेबांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "हो तर. तुमचं नाव वाचून कुणी बोललं नाही, तरी वाजायचा." म्हणजे मी नसतानासुद्धा सतरा नंबरची खोली तू उघडी ठेवलीस. सगळे रकाने भरले. तू एकदाही गैरहजर नाहीस.

फक्त कालचा रकाना राहिलाय. काल सूर तर वाजला. पण बोट तुझं नव्हतं. ऊन आता पायरीवरून खाली गेलंय, पेन माझ्या हातात आहे, आणि तिथे काय लिहायचं ते मला ठरवता येत नाही.